कादंबरीवरचा मुकदमा

बीडच्या मराठी वाचनालयाचे चिटणीस न वाचलेल्या पुस्तकांवर निकाल देत. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. तिचा त्यांना अभिमान होता.

"मुन्सफ चोरी पाहायला जातो का?" ते विचारत. "तो साक्ष ऐकतो. त्यानं स्वतः चोरी पाहिली, तर तो मुन्सफ राहत नाही, गवाह होतो."

निजामाच्या अदालतीत त्यांची सगळी नोकरी पेशकार म्हणून झाली होती. मुन्सफाच्या डाव्या हाताला बसायचे, मिसल, म्हणजे खटल्याची कागदपत्रे, पुढे सरकवायची, गवाहाचा पुकारा करायला चपराशाला खूण करायची, आणि मुन्सफाने फैसला उर्दूत सांगितला की तो लिहून घ्यायचा. उभ्या हयातीत हजारो फैसले त्यांच्या हाताखालून गेले. त्यांतला एकही त्यांचा नव्हता. पेन्शन झाल्यावर त्यांनी वाचनालय हाती घेतले आणि ती कसर भरून काढली. गावात त्यांना सगळे पेशकारसाहेब म्हणत. मीही तेच म्हणेन.

वाचनालय म्हणजे त्यांच्या भाड्याच्या घराची पुढची खोली. दोन आलमाऱ्या, एक सतरंजी, एक उंच खुर्ची आणि खुर्चीसमोर एक तिवई. शुक्रवारी सरकारी कचेऱ्या बंद असत, त्या दिवशी इथली कचेरी भरे. पेशकारसाहेब भर वैशाखातही काळी शेरवानी गळ्यापर्यंत लावून आणि रुमी टोपी घालून बसत. ज्या पुस्तकावर सुनावणी असे ते तिवईवर उभे ठेवत. त्याला ते मुलजिम, म्हणजे आरोपी, म्हणत. ज्याने ते वाचले असेल त्याने पुढे येऊन जबानी द्यायची, सर्वांच्या जबान्या झाल्या की फैसला. निर्दोष सुटलेले पुस्तक आलमारीत जाई. गुन्हेगार ठरलेले पत्र्याच्या ट्रंकेत, ठरावीक मुदतीसाठी. मुदत सांगितली की त्याच दिवशी त्या पुस्तकाला मागणी सुरू होई. हे त्यांच्या लक्षात आले नसेल असे नाही, पण तुरुंगाबाहेर काय चालते हा अदालतीचा विषय नव्हता.

त्या काळात पाच माणसे एका खोलीत बसली की सरकारला कळवावे लागे. म्हणून कोतवालीचा एक जवान दर शुक्रवारी दारापाशी येऊन बसे. पहिले काही शुक्रवार तो सावध होता. पुढे त्याचा अहवाल ठरून गेला. त्याच्या वरिष्ठाने चौकात विचारले, "आज क्या हुआ?" तर तो म्हणे, "कुछ नहीं साहब, आज भी एक औरत का ही मुकदमा था."

या अदालतीचा एक नियम महत्त्वाचा होता. पुस्तक शेवटपर्यंत न वाचता परत करणाऱ्याला पुढचे पुस्तक मिळत नसे. जबानीत पेशकारसाहेबांचा पहिला प्रश्न असे, "शेवट काय?" आणि दुसरा, "कावून?", म्हणजे का म्हणून. बाकी त्यांची भाषा अदालतीची होती, सगळी फिर्याद, दरखास्त आणि मुदत, पण हा एक शब्द ते आईच्या भाषेत विचारत, आणि त्याने भलेभले गडबडत. एकदा फळझाडांच्या लागवडीवरचे पुस्तक तिवईवर आले. कापडदुकानदारांनी ते नेले होते. "शेवट काय?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "आंबे येतात." "कावून?" दुकानदार खाली बसले. पुराव्याअभावी पुस्तक सुटले.

साक्षीत विरोध आला की दुसरा माणूस बुचकळ्यात पडला असता. पेशकारसाहेब खूश होत. "चार गवाह एकच बोलले तर समजा, कुणीतरी पढवून आणलेत," ते म्हणत. "वेगवेगळं बोलतात म्हणजे खरं बोलतात." हे तत्त्व त्यांनी अदालतीत मिळवले होते आणि तिथे ते बहुधा खरेही असेल.

घरात त्यांची एक पुतणी होती. भाऊ आणि भावजय प्लेगात गेली तेव्हापासून ती काकांकडे होती. काकू कधीच वारल्या होत्या, त्यामुळे स्वयंपाक तिचा, वाचनालयाची झाडलोट तिची, आणि गावातल्या बायकांना घरोघरी पुस्तके नेऊन देण्याचे कामही तिचे. त्या घरात पुस्तके खरोखर वाचणारी ती एकटी होती. वय बावीस-तेवीस, त्या दिवसांत हे वय घरात शिल्लक राहिलेल्या मुलीचे मानत. पेशकारसाहेबांजवळ हुंडा द्यायला काही नव्हते, आणि हुंडा मागणाऱ्यांना ते इतकी लांबलचक उलटतपासणी घेऊन परत पाठवत की दुसऱ्यांदा कोणी येत नसे. बायकांची मते ती काकांना येऊन सांगे. त्यांची नोंद ते "पडद्याआडची जबानी" म्हणून घेत आणि तिचे वजन निम्मे धरत. बायकांना शेवट विचारत नसत. पुस्तक बरे की वाईट, एवढेच.

अशा या अदालतीत ती कादंबरी आली. सोलापूरहून जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात आली होती. तिचे नाव सांगण्यासारखे नाही. तशा कादंबऱ्या तेव्हा पुष्कळ निघत. गरीब मास्तराची देखणी मुलगी. तिचे एका कविता करणाऱ्या विद्यार्थ्यावर प्रेम. घरात खायला नाही, म्हणून ती एका श्रीमंत, उतारवयाच्या इनामदाराशी पैशासाठी लग्न करते. विद्यार्थी देशोधडीला लागतो. वर्षे जातात. इनामदार अंथरुणाला खिळतो. दिवाळीच्या दिवशी दारावर थाप पडते आणि ती दार उघडायला उठते.

या कादंबरीसाठी पाळ्या लावाव्या लागल्या. माझी पाळी अजून यायची होती. मी तेव्हा तहसील कचेरीत उमेदवारी करत होतो आणि शुक्रवारी सतरंजीच्या कडेला बसून फक्त ऐकत होतो. जे ऐकले ते असे.

गावातले नामांकित वकील आधी उभे राहिले. "शेवट काय?"

"दारात तो विद्यार्थी. तिला पश्चात्ताप होतो आणि ती विष घेते."

"कावून?"

"पैशासाठी कुंकू लावणाऱ्या बाईला दुसरी वाट नाही, पेशकारसाहेब. अशा बाईला लेखकानं जिवंत ठेवलं असतं तर मी पुस्तक जाळलं असतं."

सतरंजीवर मान्यतेची कुजबुज झाली. यातल्या बहुतेकांनी आपापल्या लग्नात सासऱ्याकडून सोने घेतले होते. ते वेगळे होते.

शाळेच्या हेडमास्तरांनी सांगितले की ती विष घेत नाही. इनामदार मरतो आणि ती सगळी दौलत मुलींच्या शाळेला देते. वैद्यबुवांच्या जबानीप्रमाणे इनामदार तिच्याच औषधपाण्याने खडखडीत बरा होतो. कापडदुकानदारांनी सांगितले की ती दार उघडते आणि त्या विद्यार्थ्याला इस्टेटीवर मुनीम म्हणून ठेवून घेते.

"मुनीम?" वकील ओरडले.

"मग काय, कविता करणाऱ्याला हिशेब येत नाही व्हय? शिकल की."

पेशकारसाहेब डोळे मिटून ऐकत होते. इतकी भिन्न साक्ष त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती. मुकदमा अस्सल आहे याबद्दल त्यांची खात्री झाली.

पडद्याआडच्या जबान्यांत वैद्यबुवांच्या बायकोची एक होती. पुतणीने ती जशीच्या तशी सांगितली: "लग्न केलं ते लई बरं केलं. त्या पोरासंगं गेली असती तर दुसऱ्या दिवशी माझ्या दारात पीठ मागायला उभी राहिली असती." खोलीत हशा झाला. वैद्यबुवा हसले नाहीत.

सुनावणी चालू असतानाच घाटनांदूरहून स्थळ आले. बडे जमीनदार, पस्तिशीचे, बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही. हुंडा नको म्हणाले. ते स्वतः आले, पायताण बाहेर काढून सतरंजीवर बसले आणि सरळ बोलले.

"आमच्या घरात लिवणारं-वाचणारं कुनी न्हाई. गडीमाणसं लई हायती, पर घर वाऱ्यावर हाय. तुमची पोरगी शहाणी हाय असं ऐकलं. पुस्तकं वाचती म्हणं. वाचू द्या की. गाडीभर आणली तरी ठिवायला जागा हाय. लगीन मात्र आषाढाच्या आत व्हाया पायजे. एकदा चातुर्मास लागला की दिवाळीपस्तोर बसावं लागंल, आन् तवर घर थांबत न्हाई."

आतून पुतणीने सरबत पाठवले. त्या संध्याकाळी तिने काकांना सांगितले, आणि पुढे मलाही तसेच सांगितले, की माणूस तिला पसंत आहे. प्रेमबिम काही नाही. माणूस साफ बोलतो, घर मोठे आहे, आणि उरलेला जन्म वाचनालय झाडण्यात घालवायचा नाही, एवढीच तिची कारणे.

पेशकारसाहेब हो म्हणाले असते. पण शुक्रवारी वकिलांनी सर्वांसमक्ष विचारले, "काय हो, ऐकतो ते खरं का? तिवईवरच्या बाईवर मुकदमा चालू आहे, आणि घरातली तुम्ही इनामदाराला देताय?"

दुसरा कोणी असता तर त्याने वकिलांना आपले काम पाहायला सांगितले असते. पेशकारसाहेब ताठ झाले. "कायदा एकच असतो," ते म्हणाले. "घरात एक आणि कचेरीत एक, असा नसतो. या मुकदम्याचा जो फैसला, तोच त्या स्थळाला जवाब."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारातल्या जवानानेही मान हलवली. त्या दिवसापासून एका मुलीचे लग्न चार माणसांनी सांगितलेल्या गोष्टीवर टांगले गेले, आणि ती चार माणसे आपण मोठ्या तात्त्विक वादात आहोत अशा समजुतीने घरी गेली.

रात्री जेवताना ती म्हणाली, "काका, लग्न माझं आहे. मी हो म्हणते. मग अजून कुणाची जबानी पाहिजे?"

"तुझी जबानी ग्राह्य नाही," काका म्हणाले. "तू हितसंबंधी गवाह आहेस."

याला ती काय म्हणाली असे मी तिला नंतर विचारले. "काही नाही. भात वाढला," ती म्हणाली.

फैसल्याचा शुक्रवार आला. खोली भरली, ओट्यावर माणसे उभी. पेशकारसाहेबांनी जबान्यांचा गोषवारा सांगितला: विष, शाळा, औषध, मुनीम. सतरंजीचा कल वकिलांकडे होता, बाई दोषी ठरणार असे दिसत होते. त्यांनी घसा खाकरला, आणि आतल्या दाराचा पडदा बाजूला करून पुतणी बाहेर आली. तिवईवरचे पुस्तक उचलून तिने काकांच्या पुढ्यात शेवटचे पान उघडले.

"काका, या पुस्तकाला शेवट नाही."

"म्हणजे?"

"पानं नाहीत. ती उठते, कडीला हात लावते, आणि पान संपतं. पुढं नुसता पुठ्ठा. सोलापूरहून आलं तेव्हाच असं होतं. मला वाटलं सगळ्यांना ठाऊक आहे. मग तुम्ही जेवताना एकेकाचा शेवट सांगायला लागलात. आणि माझी जबानी तर ग्राह्य नव्हती."

पेशकारसाहेबांनी पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. नियम त्यांचा होता: अर्धे वाचून आलेल्याला पुढचे पुस्तक नाही. शेवट सापडला नाही असे कबूल करणे म्हणजे हक्क गमावणे. म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरी बसून आपल्या मापाचा शेवट शिवून आणला होता. शाळामास्तराला शाळा, वैद्याला गुण, दुकानदाराला मुनीम. वकिलांना विष.

"माझ्या वेळी पानं होती," वैद्यबुवा म्हणाले.

"तुमच्यानंतर माझी पाळी होती, बुवा," हेडमास्तर म्हणाले आणि मग एकदम थांबले, कारण पुढे बोलले तर आपलाही शेवट खोटा ठरतो हे त्यांच्या लक्षात आले.

वकील उभे राहिले. "मी ही कादंबरी पूर्वी पुण्यात वाचलेली आहे. पूर्ण."

आता तरी मुकदमा खारीज होईल, असे त्या खोलीतल्या शहाण्या माणसाला वाटले असते. शहाणे माणूस तिथे एकच होते, आणि ते पडद्याजवळ उभे होते. पेशकारसाहेब म्हणाले, "महत्त्वाचा पुरावा गहाळ आहे. पुण्याहून संपूर्ण प्रत मागवण्यात यावी. तोपर्यंत तारीख."

"काका, ज्येष्ठ लागलाय."

"तारीख पडली," काका म्हणाले.

पुण्याहून प्रत लवकर निघाली. नगरकडच्या हद्दीवर, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर ती अडली. इंग्रजी मुलखातून येणारे छापील कागद तिथे तपासत, आणि नाक्यावरच्या कारकुनाला मराठी येत नव्हती. त्याने सरळ निरोप पाठवला: ज्यांनी हे पुस्तक संपूर्ण वाचले आहे अशा दोन इभ्रतदार गृहस्थांनी, यात सरकारविरुद्ध काही नाही, असे सही करून द्यावे, पार्सल सोडतो.

पेशकारसाहेब तो निरोप घेऊन हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तर सरकारी नोकर होते. वैद्यबुवांना डोळ्यांचा त्रास सुरू झाला होता. कापडदुकानदार म्हणाले, "साहेब, सही मी कपड्याच्या मालावर करतो. पुस्तकावर करत नाही." शेवटी ते वकिलांकडे गेले.

"तुम्ही पुण्यात पूर्ण वाचली आहे."

"वाचली," वकील म्हणाले. "पण फार वर्षं झाली. नीटसं आठवत नाही."

"विष तर आठवत होतं."

"जबानी वेगळी, सही वेगळी. तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

पार्सल नाक्यावर पडून राहिले. ज्येष्ठ सरत आला तसे घाटनांदूरचे जमीनदार पुन्हा आले. या वेळी मी तिथे होतो. मी पुस्तक बदलायला गेलो होतो. पेशकारसाहेबांनी त्यांना सगळा प्रकार समजावून सांगितला. जमीनदारांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजी त्या पुस्तकातल्या बाईचं काय झालं ते कळंस्तोवर मी थांबायचं?"

"कानुनी अडचण आहे."

"ती बाई कोन आमची?"

पडद्यामागून आवाज आला. "मला पसंत आहे."

जमीनदारांनी पडद्याकडे पाहिले नाही. तशी रीत नव्हती. ते पेशकारसाहेबांकडे पाहत राहिले.

"पोरगी हो म्हनती. तुमी काय म्हंता?"

"हे रेकॉर्डवर घेता येत नाही."

"आवो, मी रेकॉर्ड न्हाई इचारत. तुमी तिच्या बापाच्या जागी हाव. तुमच्या तोंडून हो आल्याबिगर आमी हळद लावत न्हाई. पोरीला पळवून न्यावं, तसलं घर न्हाई आमचं. एक हो म्हना. कावून अडवता?"

तोच शब्द होता. पेशकारसाहेबांनी तो शेकडो गवाहांना विचारला होता. ते म्हणाले, "तारीख आहे."

जमीनदारांनी पायताण घातले आणि गेले.

आषाढ लागायच्या आत घाटनांदूरला त्यांचे लग्न झाले. मुलगी बीडच्या याच वकिलांची, थोरली. लग्नाला हेडमास्तर गेले, वैद्यबुवा गेले, कापडदुकानदारांनी शालू पुरवले. परत आल्यावर सगळ्यांनी जेवणाची तारीफ केली. पैशासाठी केलेल्या लग्नाबद्दल त्या पंगतीत कोणी काही बोलल्याचे ऐकिवात नाही.

पुढे नाक्यावरचा कारकून बदलला. नव्या कारकुनाने पार्सल न उघडता पुढे पाठवले. तोपर्यंत ठरवण्यासारखे काही उरले नव्हते. पण मुकदमा दाखल झालेला होता आणि तो निकाली काढायला हवा, असे पेशकारसाहेबांचे म्हणणे. त्यांनी नियम मोडून स्वतः पुस्तक वाचायला घेतले. सवय नसल्याने बोट ठेवून, ओठ हलवत वाचत. त्या काळात त्यांनी दाढी केली नाही.

शुक्रवारी ते शेरवानी घालून बसले. सगळे जमले होते, वकीलही. शेवट काय ते ऐकण्याची उत्सुकता दांडगी होती.

"शेवट असा," पेशकारसाहेब म्हणाले. "ती दार उघडते. बाहेर कुणी नसतं. वारा असतो. ती दार लावते, आत येते आणि नवऱ्याला दूध देते."

"आणि?" हेडमास्तरांनी विचारले.

"आणि काही नाही. तिथं पुस्तक संपतं." त्यांनी चष्मा काढला. "बाईनं लग्न केलं आणि निभावलं. मुलजिम निर्दोष. लग्न वाजवी होतं."

वकिलांनी मान डोलावली. "अगदी योग्य फैसला. मी पहिल्यापासून म्हणत होतो, मुलीनं भरल्या घरात पडावं. यात गैर ते काय?"

कोणी हसले नाही. मला वाटते, त्यांच्यातल्या कोणालाही त्यात हसण्यासारखे दिसले नाही. पडद्याआडून पुतणीने विचारले, "वकीलकाका, ताई बरी आहे ना तिकडं?"

"उत्तम. फार सुखात आहे."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर पेशकारसाहेबांना सोपे गेले असते.

तो शेवटचा शुक्रवार. त्यानंतर तिवई माजघरात गेली आणि तिच्यावर पाण्याची कळशी आली. पुस्तके कोणालाही मिळू लागली, शेवट न सांगता. वर्षाच्या आत निम्मे सभासद कमी झाले. आपले मत कोणी विचारणार नसेल तर एवढे वाचायचे कशाला, असे हेडमास्तरांनी मला उघडच सांगितले.

पुतणीला दुसरे स्थळ आले नाही. मी बीड सोडून वर्तमानपत्रात गेलो, पण सुटीत आलो की त्या घरी डोकावत असे. पेशकारसाहेब म्हातारे झाले होते. नजर गेल्याने त्यांना वाचता येत नव्हते आणि आता त्यांना वाचावेसे वाटत होते. ती चुलीपाशी बसून वाचत असे, मनात. ते ओसरीवरून तिच्या पान उलटण्याचा आवाज ऐकत. पुस्तक मिटल्याचे कळले की विचारत, "वाचून झालं?"

"झालं."

"कसं आहे?"

"आहे," ती म्हणे, आणि भाकरी टाकायला घेई.